बांगड्याचा वास लागलेला थर्मास

मी एक जुना थर्मास आहे. मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक विचारून घेतो. तुमच्यापैकी कुणी माझं बूच काढून आत नाक खुपसायला तर आलेलं नाही ना? विचारतो, कारण आयुष्यात मला जितक्यांनी हुंगलं, तितकं बाजारातल्या मासळीलाही कुणी हुंगलं नसेल. रंगाने मी हिरवा आहे. अंगावर गुलाबाची दोन फुलं होती, त्यातलं एक खरवडून गेलं. झाकणाच्या पेल्याचा कान तुटलाय. बाकी धड आहे.

मी थोडा संशयी आहे, हेही आधीच सांगून टाकतो. ती आमची जातच. माझ्या पोटात काचेच्या दोन भिंती आहेत आणि त्यांच्यामध्ये काहीच नाही, हवासुद्धा नाही. बाहेरची ऊब आत घ्यायची नाही, आतला गारवा बाहेर सोडायचा नाही, एवढंच आम्हाला शिकवलेलं. असा जन्म मिळाल्यावर स्वभाव मोकळा कसा राहणार?

माझा जन्म फार लांबच्या देशातल्या कारखान्यात झाला. काच फुंकून माझं पोट केलं, त्याला आरशासारखा मुलामा दिला आणि वरून पत्र्याचा अंगरखा चढवला. गंगाराम नावाच्या खलाशाने मला एका बंदरावर विकत घेतलं. घेताना त्याने मला कानाला लावलं, हलवलं, बोटाने टिचक्या मारल्या आणि दुकानदाराकडून गरम पाणी भरून घेऊन तासभर तिथेच बसून राहिला. तेव्हाच मी ओळखलं की आपण ज्या घरी चाललोय तिथे कुणी कुणावर सहज विश्वास ठेवत नाही.

ते घर जयगडच्या खाडीवरच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर होतं. घरात गंगारामची बायको दमयंती, त्याचे वडील आप्पा आणि धाकटा भाऊ केरू. पहिली काही वर्षं माझे लाड झाले. मला कपाटात ठेवत आणि पाहुणा तोलामोलाचा असला तरच बाहेर काढत. दमयंती स्वतः मला विसळायची, उन्हात पालथा घालायची आणि जवळ राखणीला बसायची. शेजारच्या यमुनाबाईने एकदा मला मागून नेलं, तर परत आल्यावर दमयंतीने मला आतून बाहेरून तपासलं. अशी ती बाई. मनाने वाईट नव्हती. पण नवरा वर्षातले दहा महिने समुद्रावर, घर एकटीने राखायचं, म्हणून तिचे डोळे सतत दारावर असायचे.

मग ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्याकडे बॉयलर कोंबड्यांचं वारं आलं. गंगारामने सुट्टीत परसात चिऱ्याची भिंत घातली, वर जाळी ठोकली, आत भाताचं तूस अंथरलं आणि बायकोला सांगितलं, "ही शेड तुझी. मी पुन्हा येईन तेव्हा मला भरलेली दाखव." तो बोटीवर गेला आणि दमयंतीच्या जिवाला घोर लागला. लहानपणी तिने आईच्या कोंबड्या मानमोडीने मरताना पाहिल्या होत्या. मान वाकडी होते, पाय ओढत चालतात आणि बघता बघता डालगं रिकामं होतं. गावठी कोंबडीची ही गत, तर या कापसाच्या बोळ्यांचं काय व्हायचं?

रत्नागिरीच्या गुरांच्या दवाखान्यात मानमोडीची लस मिळते, हे तिला कळलं. लस थंड ठेवावी लागते आणि वाडीत फ्रिज कुणाकडेच नाही. झालं. चहा-कॉफीतून माझी बदली झाली आणि मी लशीचा हमाल बनलो. मला न्यायचं आणि आणायचं काम केरूचं.

केरूबद्दल सांगायला हवं. वय तिशीचं, लग्न झालेलं नाही, अंगाने दणकट, पण एका जागी ठरेल तर शपथ. कुठे क्रिकेटचा सामना असला की हा तिथे. भजन असलं की हा पखवाजाशेजारी. कामाला नाही म्हणायचा नाही, पण परत कधी येईल ते देवाला ठाऊक. दमयंती त्याला नावानेच हाक मारी, कारण ती लग्न होऊन आली तेव्हा तो चड्डी सावरत फिरत होता. त्याला तिनेच वाढवलं आणि म्हणूनच तिचा त्याच्यावर बारीक डोळा.

आता ती गोष्ट. आमच्याकडे कुणी लांबचा प्रवास करून घरी आलं, नवी नवरी आली किंवा लेक बाळाला घेऊन आली, की तिला उंबऱ्यावर थांबवतात. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात आणि मगच आत घेतात. बाहेरचं काही असेल ते बाहेरच राहावं. दमयंतीने लशीलाही त्यातच बसवलं. पिल्लं कोल्हापुराकडून येणार, कुठल्या कुठल्या गावांचं वारं खाऊन येणार. तेव्हा शेडच्या उंबऱ्यावरच प्रत्येकीच्या डोळ्यात लशीचा थेंब घालायचा आणि मग आत सोडायची. तिला ते इतकं पटलेलं होतं की तिने कुणाला विचारलंसुद्धा नाही.

पिल्लं यायच्या दिवशी केरू मला खांद्याला अडकवून पहिल्या एसटीने रत्नागिरीला गेला. दवाखान्यात कंपाउंडरने लशीची इवलीशी बाटली दिली आणि म्हणाला, "पिल्लं आठवड्याची झाली की डोळ्यात एकेक थेंब."

"आमची आजच येतायत," केरू म्हणाला.

"मग आज घालू नका. आठवड्याने या."

"वयनीने आजच आण म्हणून सांगितलाय. घेऊन जातो. कंपाउंडर असा बोलला, ता सांगतो तिला."

कंपाउंडरला एका शेळीने हैराण केलं होतं. त्याने मान हलवली आणि बाटलीभोवती बर्फाचे चार खडे टाकले. रात्रभर लाइट नव्हती म्हणून बर्फ तेवढाच होता. केरूने मला हलवून बघितलं. आवाज अगदी किरकोळ आला.

आणि मित्रांनो, केरू एसटी स्टँडकडे जायचं सोडून भलतीकडेच चालू लागला. माझ्या मनात पाल चुकचुकली. आता हा कुठल्या तरी मित्राकडे जाणार, गप्पा मारत बसणार आणि मी उन्हात तापत पडणार. कदाचित मला विकूनही टाकेल, काही सांगता येत नाही. तो थेट मिरकरवाड्याच्या धक्क्यावर गेला. तिथे मासळीच्या टोपल्या उतरत होत्या आणि मोठमोठे बर्फाचे ठोकळे फुटत होते. केरूने एका ओळखीच्या खलाशाला गाठलं, हातातली विडी त्याला दिली आणि माझं बूच काढून आत ठासून बर्फ भरला. बांगड्यांच्या टोपलीशेजारचा बर्फ तो. मला तर शिसारीच आली. पण खरं सांगायचं तर पोट इतकं गार मला कधीच वाटलं नव्हतं. या भानगडीत दुपारची एसटी चुकली. पुढची गाडी संध्याकाळची.

इकडे, मला मागाहून कळलं तसं, टेम्पोवाला पिल्लांची खोकी अंगणात ठेवून गेला होता. दमयंती शेडच्या दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभी, खोक्यांतून चिवचिवाट आणि केरूचा पत्ता नाही. यमुनाबाई कुंपणापाशी येऊन म्हणाली, "येईल गो. सामना संपला का येईल." दमयंतीचा चेहरा असा झाला की आप्पांनी ओटीवरचं बोलणं बंद केलं.

दिवेलागणीला आम्ही पोचलो. केरूने धापा टाकत आधी तेच सांगितलं. "वयनी, कंपाउंडर बोलला, आज घालू नका. आठवड्याची झाली का घाला."

"आठवड्याची? मग आज दिलीन कशाला?" दमयंती म्हणाली. "तू उशीर लावलास. बर्फ इरगळला असणार. आता आठवड्यावर ढकलतोस होय?"

"बर्फ हाय. बघा ना उघडून."

तिने बूच काढलं. आत डोकावण्याआधी तिचं नाक आलं. तिथेच तिचे डोळे बारीक झाले. "केरू, लस आणायला गेला होतास का बांगडे आणायला?"

"धक्क्यावरचा बर्फ हाय तो. दवाखान्यात कमी होता."

तिने लशीची बाटली काढली. आप्पांचा गुडघा त्या दिवसांत सुजलेला होता. ते म्हणाले, "बर्फ उरला असेल तर दे गो जरा." तिने उरलेला बर्फ फडक्यात बांधून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, आणि मग कंदिलाच्या उजेडात पिल्लू उचल, डोळ्यात थेंब घाल, आत सोड, असं करत शेवटचं पिल्लू आत जाईपर्यंत थांबली नाही. मला विसळायलाही विसरली. तो वास माझ्या बुचात मुरला तो कायमचा.

पिल्लं छान वाढली. पांढरी, गुबगुबीत, दाण्याच्या घमेल्यावर तुटून पडणारी. तीन-चार आठवडे शेडमधून आनंद ऐकू येत होता. मग एका सकाळी एकीची मान वाकडी दिसली. दुसऱ्या दिवशी चार. त्यानंतर मोजायला कुणाचा जीव झाला नाही. केरूने परसात खड्डा खणला आणि दमयंती पाटीत भरून आणायची. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. शेड रिकामी झाली त्या दिवशी तिने मला कपाटातून काढलं, बूच उघडलं आणि केरूच्या नाकाखाली धरलं.

"हुंग. तुझी करणी हुंग."

"वयनी, बर्फ होता."

"बर्फ होता तर मेली कशी? टाळक्यावर आभाळ पडला होय त्यांच्या? लस गरम झाली वाटेत. तू गाव फिरलास. घरचा घास खाऊन घराचाच घात केलास."

यमुनाबाई कुंपणापलीकडून पुटपुटली, "खाई त्याला खवखवे." पण खवखवत कुणालाच नव्हतं. केरू ताठ उभा होता. तो म्हणाला, "मी एकदा सांगितला. दुसऱ्यांदा सांगायला मी काय चोर नाय."

"मग या घरात तुझा ताट नाय," दमयंती म्हणाली.

हे ती बोलून गेली. बोलल्यावर तिलाही ते लागलं असावं, कारण तिच्या हातातलं बूच खाली पडलं. पण शब्द मागे घ्यायला तिला जमलं नाही. केरूने दोरीवरचे दोन शर्ट ओढले, आप्पांच्या पाया पडला आणि खाली जयगडला निघून गेला. मासेमारीच्या बोटीवर काम मिळेल, असं त्याने आप्पांना सांगितलं. आप्पा त्या रात्री जेवले नाहीत. त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. माझ्या पोटात बर्फ होता, शेवटपर्यंत होता, हे मला माहीत. तरीसुद्धा कपाटात बसून मी स्वतःवरच संशय घेऊ लागलो. माझ्या काचेला कुठे तडा तर नाही ना? त्या मासळीच्या वासाने लस नासली असेल का? केरूने वाटेत मला चाफे गावच्या एसटी स्टँडवर बाकावर ठेवलं होतं, तेव्हा कुणी हात तर लावला नाही? संशय एकदा शिरला की तो घरातली भांडीसुद्धा सोडत नाही.

दमयंतीचं मन काही शांत होईना. तिला पक्का पुरावा हवा होता. ती मला पिशवीत घालून स्वतः रत्नागिरीला गेली आणि गुरांच्या डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवलं. डॉक्टर मुकादम पिकल्या दाढीचे, शांत गृहस्थ होते.

"हुंगून बघा साहेब," ती म्हणाली. "यातून लस आणली माझ्या दिराने. माझी सगळी पिल्लं गेली. लस खराब झाली होती, एवढं लिहून द्या."

डॉक्टरांनी हुंगलं. "धक्क्यावरचा बर्फ," ते म्हणाले. "हुशार आहे तुमचा दीर. घरी पोचला तेव्हा बर्फ शिल्लक होता का?"

"कुठला बर्फ? उशिरा आला तो, अंधार पडल्यावर."

"अंधार पडला होता का, ते मी विचारत नाही. बूच काढलंत तेव्हा आत काय होतं?"

दमयंतीने ती संध्याकाळ आठवून बघितली. तिच्या डोळ्यांसमोर आप्पांचा गुडघा आला. फडक्यातून गळणारं पाणी आलं. ओंजळभर बर्फ तिने स्वतःच्या हाताने बांधला होता. इतके दिवस तो तिला आठवलाच नव्हता.

"होता," ती हळूच म्हणाली.

"मग लस चांगली होती. पिल्लं किती दिवसांची होती?"

"त्याच दिवशी आली होती. आल्या आल्या दारातच घातली. आत घेण्याआधी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, तुमच्या गावाला राखणदार आहे ना?"

"हाय की. वेशीवर."

"तसाच प्रत्येक पिल्लाच्या अंगात एक राखणदार असतो. तो आईने पाठवलेला. त्या आई-कोंबड्यांना लस दिलेली असते, त्यांची ताकद अंड्यातून पिल्लात उतरते. पहिले दिवस तो राखणदार पिल्लाला सांभाळतो. आता लस म्हणजे काय? दुबळा केलेला रोगच तो. तो पिल्लाच्या अंगाला शिकवायला येतो, की बाबा, शत्रू असा दिसतो, याच्याशी असं लढ. म्हणजे शाळामास्तरच म्हणा. पण राखणदाराला काय कळतं? तो मास्तरालाही चोर समजतो आणि दारातूनच हाकलतो. तुम्ही लस घातलीत तेव्हा राखणदार ऐन जोरात होता. पुढे तो आपोआप ओसरत जातो. मग राखणदारही नाही आणि पिल्लू काही शिकलेलंही नाही. मानमोडीला दार उघडंच."

दमयंती टेबलावरच्या माझ्याकडे बघत बसली.

"म्हणून आठवडाभर थांबायचं," डॉक्टर म्हणाले. "राखणदार जरा थकला की मास्तर आत शिरतो. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याला पुन्हा बोलवायचं, एकदा शिकवून भागत नाही. आमचा माणूस हे प्रत्येकाला सांगतो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं होतं," दमयंती म्हणाली. "माझ्या दिराने दारातच सांगितलं होतं."

परतीच्या एसटीत ती मला मांडीवर घेऊन बसली. आमच्या फाट्यावर कंडक्टरने घंटी मारली, पण ती उतरली नाही. जयगडचं तिकीट वाढवून घेतलं आणि शेवटपर्यंत गेली. खाली बंदरावर एका बोटीशेजारी केरू उघड्या अंगाने बर्फ फोडत होता. तिला बघून त्याचा हात थांबला आणि मग पुन्हा चालू लागला.

"आप्पा बरं हायत ना?" त्याने मान वर न करता विचारलं.

"बरं हायत." ती जवळ गेली. "केरू, बर्फ होता. मीच आप्पांच्या गुडघ्यावर बांधला."

"मी सांगितला होता."

"व्हय. सांगितला होतास. आठवड्याचा पण सांगितला होतास. मी तुला चोर ठरवला आणि माझ्या हातानं माझी शेड मारली." तिने मला त्याच्यापुढे धरलं. "घरी चल."

केरू बराच वेळ बर्फ फोडत राहिला. मला वाटलं, हा आता नाहीच म्हणणार, आणि तसं म्हणाला असता तर मी त्याला दोष दिला नसता. शेवटी तो म्हणाला, "बोटीच्या तांडेलाला शब्द दिलाय, वयनी. ही खेप करून येतो." मग त्याने मला तिच्या हातातून घेतलं, पेल्याच्या तुटक्या कानाकडे बघितलं आणि अंगठ्याने माझ्यावरची धूळ पुसली.

तो आला तेव्हा दमयंतीने त्याला उंबऱ्यावर उभं केलं. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि पायावर तांब्याभर पाणी घातलं. आप्पा ओटीवरून बघत होते. केरूने लाजून विचारलं, "मी काय नवी नवरी हाय?" त्यावर आप्पा किती दिवसांनी हसले.

पुढची पिल्लं आली तेव्हा त्यांच्यावरूनही भाकरीचा तुकडा ओवाळला गेला, पण लस नाही. तो आठवडा दमयंतीच्या जिवावर आला. रोज सकाळी ती एकेका पिल्लाची मान निरखायची. यमुनाबाई विचारून गेली, "लस नाय घातलीस अजून? काय ता धाडस बाई." दमयंतीने दात आवळले आणि थांबली. आठवडा भरला तसा केरू मला घेऊन निघाला. दवाखाना, मग धक्का, मग एसटी. याही वेळी दुपारची गाडी चुकली आणि याही वेळी घरी पोचायला अंधार झाला.

दमयंती शेडच्या दारात कंदील घेऊन उभी होती. तिने मला केरूच्या खांद्यावरून उतरवलं. माझं बूच काढलं. मी श्वास रोखून वाट बघत होतो की आता नाक येणार. आलं नाही. तिने बाटली काढली आणि म्हणाली, "केरू, कंदील वर धर."

तिने मला हुंगलं नाही, मित्रांनो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हुंगलं नाही.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लस पुन्हा घातली गेली. त्या वर्षी शिमग्यानंतर वाडीत मानमोडी आली आणि गावठी कोंबड्यांची डालगी रिकामी झाली. आमच्या शेडमध्ये मात्र पांढरी मान एकही वाकली नाही. गंगाराम सुट्टीवर आला तेव्हा शेड भरलेली होती. त्याने विचारलं, कुणी केलं हे सगळं? दमयंतीने केरूकडे बोट दाखवलं आणि केरूने माझ्याकडे. तो माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा मान.

पुढे वाडीत फ्रिज आला, लशीसाठी चांगली पेटी आली आणि मी माळ्यावर गेलो. आता माझ्या पोटात खिळे आणि तुटलेल्या चाव्या ठेवतात. मुलं मला खाली काढतात, बूच उघडतात आणि "ईऽऽ" करून टाकून देतात. बांगड्याचा वास अजून आहे ना.

म्हणून हात जोडून, म्हणजे हात असते तर जोडून, एक सांगतो. जुनी वस्तू असो की घरचं माणूस, त्याला आधी विचारा, त्याचं ऐका आणि मग हवं तर हुंगा. माझ्या बुचातला हा वास घाणीचा नाही. केरूने हातची विडी देऊन भरलेल्या बर्फाचा तो वास आहे. खिळे काढून मला एकदा विसळा, पण तो वास राहिला तर राहू द्या.